रेडकाविना पान्हा

आमच्या गोठ्यात पूर्वी धार काढण्याआधी रेडकू सोडायचे. ते कासेला ढुशा द्यायचं, मग म्हैस पान्हा सोडायची. आता माझे चुलते, अण्णा, तिला पान्ह्याचं इंजेक्शन टोचतात. रेडकू दाव्याला हिसके देत राहतं आणि दूध बादलीत उतरतं.

“अण्णा, हे औषध बाळंतपणात अडलेल्या बाईसाठी काढलंय.”

“मग म्हस बी बाईच की!” अण्णा हसले. “आन् काढलंय तुमच्यासारख्या शिकलेल्यांनीच.”

घराण्यातला पहिला पदवीधर मी, तोही रसायनशास्त्राचा. त्याचा अभिमान आहेच. औषध शोधणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कळा सोसणारी आई असेल. रेडकू नक्कीच नसेल. पण आईलाही फसवता येतं, हे जगाला त्या शोधणाऱ्याच्याच विद्येनं शिकवलं.

बादली भरल्यावर अण्णांनी रेडकू सोडलं. ते रिकाम्या कासेला ढुशा देत राहिलं आणि म्हैस त्याला चाटत राहिली.