भाकरी कुणाच्या नावावर?

आमचं लग्नानंतरचं सगळ्यात मोठं भांडण ज्वारीच्या भाकरीवरून झालं, आणि तेही टॅक्स भरताना.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझा गहू कायमचा बंद केला. तेव्हापासून घरात माझा तवा वेगळा, पोळपाट वेगळा, आणि गव्हाचा कणही लागलेला नाही अशी हमी असलेलं महागडं ज्वारीचं पीठ वेगळ्या डब्यात. डेल्फ्टला मित्रांकडे जेवायला गेलो की मी आपला डबा काढायची आणि नवरा हमखास म्हणायचा, "आमची बायको जरा खर्चिक आहे हं!" सगळे हसायचे. मीही हसायची, पण ते मला झोंबायचं.

डॉक्टरांनी सांगितलेल्या पथ्याच्या खर्चावर इथे परदेशात करात वजावट मागता येते, हे यंदा त्याला कळलं. स्वारी खूश.

"अगं, हे माझ्या रिटर्नमध्ये टाकू. माझा टॅक्स जास्त, चार युरो जास्त सुटतील."

"मुळीच नाही. गहू माझा बंद झालाय. तुझा खर्च म्हणून मी तुझ्या रिटर्नमध्ये जाणार नाही. आपण वेगवेगळे भरू."

"वेगळे भरले तरी एकच खर्च दोघांना दाखवता येत नाही."

"मग तू दाखवू नकोस."

ब्रेडा शहरातल्या ऑफिसात हा माणूस दिवसभर लोकांना आकडे समजावतो. बायको आकड्यांवरून चिडलेली नाही, एवढं मात्र त्याला उमजेना. शेवटी मीच म्हटलं, "चारचौघांत खर्चिक म्हणतोस ना, ते मला लागतं."

रविवारी फोरबर्गच्या आमच्या छोट्या स्वयंपाकघरात दोघं दोन लॅपटॉप घेऊन बसलो. मी पथ्याची रक्कम भरली, औषधांची भरली आणि ऐटीत पुढे गेले. वजावट: शून्य. पुन्हा भरून पाहिलं, पुन्हा शून्य. त्याने उठून माझ्या मागे उभं राहून खालची बारीक अक्षरं वाचली. वेगळे भरा नाहीतर एकत्र, नवराबायकोच्या मिळकतीची बेरीज करूनच मर्यादा ठरते, आणि तिच्याहून कमी खर्च सरकार धरतच नाही. आमचा खर्च त्या मर्यादेच्या आसपासही नव्हता.

मला वाटलं, आता हा पैशांसाठी हळहळणार. पण तो चहा टाकायला गेला.

पुढच्या शनिवारी डेल्फ्टला मी डबा उघडला. मित्र त्याच्या नेहमीच्या वाक्याची वाट बघत होते. त्याने गव्हाची पोळी बाजूला ठेवली, उठून साबणाने हात धुतले आणि माझ्या डब्यातली अर्धी भाकरी घेतली.

"काय रे, आज खर्चिक बायको नाही?" कुणीतरी विचारलं.

"सरकारकडून तपासून घेतलं," तो म्हणाला. "खर्च शून्य निघाला."

मला इतकं बरं वाटलं, की उरलेली अर्धीही मी त्यालाच वाढली.