हातचं न राखता

प्रभातकिरण सोसायटीत वनमालाला कॅरममध्ये हरवणारा अजून जन्माला यायचाय, असं सगळे म्हणत. त्यात सर्वांत मोठा आवाज तिच्या धाकट्या भावाचा, शरच्चंद्राचा. तोच सोसायटीच्या गणेशोत्सव मंडळाचा सेक्रेटरी आणि तोच स्पर्धेचा पंच. दर गणपतीत बोरीवलीच्या त्या तीनमजली इमारतीच्या आवारात बोर्ड मांडले जायचे आणि दर गणपतीत कप वनमालाच्या हातात यायचा. समोरचा पोरगा राणी घेऊन कव्हर चुकवायचा, नाहीतर शेवटच्या सोंगटीबरोबर स्ट्रायकरही भोकात घालायचा, आणि कपाळावर हात मारून म्हणायचा, "वाट लागली! वनूताई, तुमच्यासमोर बसलं की घामच फुटतो." वनमालाला ते खरं वाटायचं. आपलं कौतुक खोटं वाटायला माणसाला फार मोठं कारण लागतं.

तसं कारण तिला १९८१च्या गणपतीत मिळालं. पण आधी तिचं थोडं सांगायला हवं.

नीट चालायलाही लागली नव्हती तेव्हाच पोलिओने तिचा उजवा पाय लुळा केला. लहानपण घाटकोपरच्या चाळीत गेलं. चाळीतली मुलं काही वाईट नव्हती. लपाछपी असो की डबा ऐसपैस, तिला कुणी खेळाबाहेर ठेवलं नाही. ती लिंबूटिंबू. म्हणजे खेळात आहे, पण आऊट होत नाही आणि तिच्यावर कधी राज्य येत नाही. बाकीची पोरं राज्य टाळायला भांडायची, रडायची, आईच्या खोट्या शपथा घ्यायची. वनमाला पायरीवर बसून मनात म्हणायची, देवा, एकदा तरी माझ्यावर राज्य येऊ दे. सगळ्यांनी मला घाबरून लपावं, मी शोधून काढलं की चरफडावं. देवाने ते काही मनावर घेतलं नाही.

मोठी झाल्यावर ती कांदिवलीच्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर झाली. पायात कॅलिपर, काखेत कुबडी. साहेबाचा फोन भलत्याच माणसाला जोडला गेला तरी तिला कुणी चकार शब्द बोलत नसे. शेजारच्या खुर्चीतल्या राधाला मात्र अर्ध्या चुकीसाठी रडू येईपर्यंत झापत. राधा म्हणायची, "तुझी मजा आहे बाई!" वनमालाला त्या मजेचा वीट आला होता. लग्नाकार्यात ती दारात दिसली की कुणीतरी खुर्ची घेऊन धावायचं, आणि एकदा तिला बसवलं की पंगत उठेपर्यंत कुणी तिकडे फिरकायचं नाही. आपल्याशी हट्टाने, बरोबरीने, वेळ पडली तर चिडून वागणारं माणूस तिला हवं होतं. कॅरमच्या बोर्डापाशी ते मिळतं, अशी तिची समजूत होती. तिथे पाय लागत नाहीत. म्हणून तर तिचा सगळा जीव त्या बोर्डात होता.

१९८१ हे अपंग वर्ष म्हणून जगभर साजरं होत होतं. मंडळाच्या पोरांनीही देखाव्याला तोच विषय घेतला. पुठ्ठ्याचा चाकांच्या खुर्चीतला मुलगा केला, पांढरी काठी घेतलेला एक माणूस केला, आणि वर भली मोठी पाटी: 'सहानुभूती नको, संधी हवी!' पाटी रंगवली कॉलेजातल्या चंद्रप्रकाशने. उद्घाटनाचा नारळ वनमालाच्या हातून फोडून घेतला. "झकास झालाय रे," ती म्हणाली, आणि अगदी मनापासून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत तिच्यासमोर उत्तरा बसली. ही मुलगी अकरावीतली, त्याच पावसाळ्यात मुलुंडहून तिसऱ्या मजल्यावर राहायला आलेली, आणि तोंडाने फटकळ. खेळताना मात्र ती अगदी गप्प. कपाळावर हात मारणं नाही की घाम फुटणं नाही. वनमालाची एक चूक झाली की ती ओळीने सोंगट्या घेत सुटायची. वनमाला बिथरली, राणीच्या मागे धावली, पुन्हा चुकली. बघता बघता खेळ संपला. वनमाला हरली होती.

शरच्चंद्र घाईने पुढे आला.

"हा गेम धरायचा नाही. बोर्डाला धक्का लागला होता. परत खेळा."

"कुठे लागला धक्का?" उत्तरा उसळली. "काहीपण काय! मी जिंकलेय ना!"

चंद्रप्रकाश तिच्या कानाशी वाकला. पण त्याचं कुजबुजणं म्हणजे गावभर दवंडी. "अगं ए, तुला कुणी सांगितलं नाही का? वनूताईंना हरवायचं नसतं."

वनमालाने ते ऐकलं. तिने एकेका पोराकडे बघितलं. प्रत्येकाला अचानक आपल्या चपला बघायच्या होत्या.

"शरद, कधीपासून?"

"ताई, तसं काही नाही गं..."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून," तो म्हणाला. "तुला तेवढाच आनंद, म्हणून मीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. चुकलं का माझं?"

तिला त्याचा भयंकर राग आला, आणि राग येता येताच रडू फुटलं, कारण त्याने ते प्रेमानेच केलं होतं. प्रेमाशी भांडायचं तरी कसं? "उत्तरा जिंकली," ती कशीबशी म्हणाली. "फळ्यावर तसं लिही." आणि कुबडी घेऊन घरात गेली.

हरल्याचं तिला दुःख नव्हतं. आपल्याला कॅरम येतं की नाही, हेच आता तिला ठाऊक नव्हतं. आजवर घेतलेली एकूण एक सोंगटी संशयात आली होती. जग लांबून हसत असताना आपण मध्ये बसून राणीचा तोरा मिरवला, असं वाटून तिला जेवण गेलं नाही.

पोरं दुसऱ्या दिवशी ओशाळून घरी आली. "वनूताई, आता खरं खेळू," म्हणाली. खेळलीही. पण हातचं राखून खेळायची सवय इतकी मुरलेली, की तिच्याकडे लक्ष गेलं की नेम आपोआप ढिला पडायचा. निघताना चंद्रप्रकाश घुटमळला.

"ती पाटी उतरवू का?"

"असू दे," वनमाला म्हणाली. "येताजाता वाचत जा."

उत्तरा मात्र फिरकली नाही. आईने तिला चांगलंच फैलावर घेतलं होतं म्हणे. शेवटी रविवारी वनमालाच तिसऱ्या मजल्याकडे निघाली. लिफ्ट नव्हतीच. इथे राहायला आल्यापासून ती कधी वर गेली नव्हती. संक्रांतीचं वाणसुद्धा तिला घरपोच यायचं. कठडा धरत, दर जिन्याला दम खात ती वर पोचली. दार उत्तरानेच उघडलं.

"सॉरी ताई. आईने सांगितलंय सॉरी म्हणायला."

"ते मरू दे. मला कॅरम येतं का, ते सांग."

उत्तराने स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली. "खरं सांगू? राग येईल."

"येऊ दे की."

"तुम्ही राणीच्या मागे लागता हो. राणी, राणी, राणी! तोवर समोरच्याच्या सोंगट्या संपत आल्या, ते बघतच नाही. लांबच्या कटला उगाच जोर लावता. आणि हरायला लागलात की घाबरता." ती जरा थांबली. "नेम मस्त आहे पण. नेम खराच आहे."

वनमाला जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ऐकत होती. कुणीतरी तिच्या चुका काढत होतं! "अजून काय चुकतं?" तिने विचारलं.

विसर्जन झाल्यावर उत्तरा संध्याकाळची खाली यायला लागली. वनमाला हरत होती, आणि ऑफिसात बसून पुन्हा हरायला संध्याकाळ कधी होते याची वाट बघत होती. असे बरेच दिवस गेले. मग दिवाळीच्या सुमारास एक गेम तिने जिंकला. जिंकल्याबरोबर तिने उत्तराच्या तोंडाकडे बघितलं, तिथे दया दिसते का ते शोधत.

उत्तरा लालबुंद झाली होती. डोळ्यांत पाणी. "हे काय यार! माझी राणी कव्हर होणारच होती! परत! आत्ताच्या आत्ता परत!"

वनमालाला वाटलं, उठून या पोरीला मिठी मारावी. इतक्या वर्षांत आपल्याकडून हरल्यावर कुणी असं चिडलं नव्हतं.

शरच्चंद्र दारात उभा राहून बघत होता. आणखी एक गेम जिंकून उत्तरा गेली, तसं वनमालाने समोरच्या स्टुलाकडे बोट केलं. "बस."

तो बसला. कॅरम दोघं एकत्रच शिकली होती, आणि तेव्हापासून जिंकायची नेहमी तीच. सगळं जग आता खरं खेळलं असतं तरी एका माणसाचा खरा खेळ तिला हवा होता, आणि तो माणूस हा होता.

खेळ रंगला. शेवटी त्याची राहिलेली एकुलती पांढरी सोंगटी भोकाच्या अगदी तोंडाशी आली. फुंकर मारली असती तरी पडली असती. त्याने नेम धरला, एकदा तिच्याकडे बघितलं आणि मारला. स्ट्रायकर सोंगटीला न शिवता निघून गेला.

वनमालाने स्ट्रायकर उचलून त्याच्यासमोर ठेवला. "परत मार."

पुन्हा तेच झालं. त्याचा चेहरा रडवेला झाला. "ताई, आईशपथ, मुद्दाम नाही करत. होतच नाही गं माझ्याच्याने."

तो खरं बोलत होता, हे तिला दिसत होतं. तिने डोळे पुसले, स्ट्रायकर तिसऱ्यांदा त्याच्यासमोर ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली.

"होईल," ती म्हणाली. "मला घाई नाही."