वहीत नसलेली मेथी

पाठ केलेलं मी घडाघडा बोलते. अथर्वशीर्ष म्हणा, वक्तृत्व स्पर्धेचं भाषण म्हणा, तेवीसचा पाढा म्हणा. पाठ नसेल तर मात्र पहिल्याच अक्षराला गाडी अडते आणि ते अक्षर सुटता सुटत नाही. लोणी काळभोरच्या शाळेत त्यावरून मला जे नाव पडलं होतं, ते मी इथे लिहिणार नाही. आठवीत आम्ही विश्रांतवाडीला राहायला आलो, नवी शाळा मिळाली आणि मी ठरवलं, इथे कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. सहा महिने लागलाही नाही. वर्गात विचारतील त्याची उत्तरं घरून पाठ करून न्यायची, बाकी वेळ तोंड शिवून बसायचं. मुली मला शिष्ट समजायच्या. समजू देत.

ही युक्ती बाबांची. तेही माझ्यासारखेच अडखळतात. गॅसचा नंबर लावायला फोन करायचा तरी आधी कागदावर लिहून काढतात. "घ-घरात अडखळलं तर चालतं," ते म्हणायचे, "बाहेर नाही."

मग शाळेत नाटकाचा तास सुरू झाला. नाटकाच्या ताईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की संहिता वगैरे काही मिळणार नाही. दोघीदोघींनी पुढे यायचं, ताई प्रसंग देणार, आयत्या वेळी सुचेल ते बोलायचं. नियम एकच: समोरची जे म्हणेल ते खोडायचं नाही, तेच धरून पुढे न्यायचं. माझा नंबर पुढच्या शुक्रवारी होता.

"घ-घाबरतेस काय," बाबा म्हणाले, "ल-लिहून काढू." आणि आम्ही बापलेकींनी खरोखर आयत्या वेळचं नाटक आठवडाभर आधी लिहून काढलं! रिक्षावाला, दाताचा डॉक्टर, एसटीचा कंडक्टर, हरवलेलं कुत्रं. अकरा प्रसंग, दोन्ही पात्रांच्या वाक्यांसकट. समोरची मुलगी आमच्या वहीतलं वाक्य कशाला बोलेल, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मी आंघोळ करतानासुद्धा कंडक्टर बोलत होते.

शुक्रवारी ताई म्हणाल्या, "मंडई. तू भाजीवाली, ही गिऱ्हाईक."

मंडई वहीत नव्हती.

समोर वर्गातली सगळ्यात फटकळ मुलगी. कमरेवर हात ठेवून तिने विचारलं, "काय हो मावशी, आज ताजं काय आहे?" पळून जावं असं वाटलं, चक्कर आल्याचं सोंग करावं असंही वाटलं, पण तेही पाठ नव्हतं. तोंड उघडलं. "मे... मे... मे..." वर्ग खदाखदा हसला. संपलं सगळं. इथेही नाव पडणार, मला रडू यायला लागलं.

ती हसली नाही. मनगटावर नसलेलं घड्याळ बघून म्हणाली, "मावशी, तुम्ही मेथी म्हणेपर्यंत ती शिळी होईल."

खोडायचं नाही, असा नियम होता.

"म... मग थांबा की," मी म्हणाले. "शि... शिळी झाली की अ... अर्ध्या भावात देते."

वर्ग पुन्हा हसला. या वेळी कशाला हसला ते मला कळत होतं.

घरी आले तर बाबा दारातच उभे. "क-कोणता आला?"

"मंडई."

त्यांचा चेहरा पडला. "क-कळलं सगळ्यांना?"

"हो. ह... हसले पण."

"मग ग-गप्प बसलीस?"

"नाही. बोलले. अ... असंच, अडखळत."

वही त्यांच्या हातातच होती. पुढच्या आठवड्यासाठी त्यांनी आणखी चार प्रसंग लिहून ठेवले होते. त्यांनी वही मिटून टीव्हीवर ठेवली आणि माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले.

"म-मला दाखव," ते म्हणाले. "म-मी गिऱ्हाईक होतो."