कोतवाल बुकातला जातीचा रकाना

सांगलीच्या कॉलेजात आमचा कॉम्प्युटरचा वर्षभराचा कोर्स होता आणि त्याच्या शेवटी दोन महिने एखाद्या कार्यालयात उमेदवारी करावी लागे. वर्गातल्या मुलांनी साखर कारखाने धरले, बँका धरल्या. कुणाचे मामा तिथे होते, कुणाचे काका. माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. शेवटी सरांनी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या तहसील कचेरीला पत्र दिलं आणि मे महिन्यात मी गावाहून एसटीने ये-जा करत कामाला लागले.

काम होतं कोतवाल बुकांची यादी संगणकावर चढवण्याचं. पूर्वी गावात मूल जन्मलं की कोतवाल ती खबर पाटलाकडे नेई, पाटील वहीत उतरवून घेई आणि वही कचेरीत जमा होई. जन्मतारीख, बापाचं नाव, मुलगा की मुलगी असे रकाने असत. सहावा रकाना जातीचा. जातीचा दाखला काढायचा तर आजा-पणजाची हीच नोंद पुरावा म्हणून लागे, त्यामुळे वह्यांना फार मागणी. वह्या लाल फडक्यांत बांधून रेकॉर्ड रूममध्ये ठेवलेल्या होत्या. फडकं सोडलं की मांडीवर कागदाचा भुगा पडायचा.

जुन्या वह्या मोडीत होत्या. मला मोडी येत नव्हती. रेकॉर्ड कीपरना येत होती. निवृत्तीला दोन वर्षं उरलेले, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेले गृहस्थ. मी त्यांना काका म्हणे. ते वाचायचे आणि मी टाइप करायची, अशी आमची पद्धत पडली.

"लिव पोरी. मुलगा. जात मराठा. झालं? फुडं. मुलगी. जात कुंभार. आगं, जरा दमानं, मशीन तापंल."

पहिल्याच आठवड्यात एका ओळीपाशी काका थांबले. घसा खाकरला. वहीवरची नसलेली धूळ झटकली. माझं आडनाव त्यांनी सरांच्या पत्रात वाचलेलं होतं.

"जात... ती तुला म्हाईत हाय. लिव."

मी 'बौद्ध' असं टाइप केलं.

त्या वेळी मी काही विचार केला असं म्हणता येणार नाही. वहीतला तो दुसरा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. वर्गात गुरुजींनी जात विचारली तर ताठ उभं राहून 'बौद्ध' म्हणायचं, हे वडिलांनी मला पाढ्यांच्या आधी शिकवलं होतं. बोटांनी तेच केलं. मग ती रीतच झाली. तशी ओळ आली की काका खाकरायचे, मी टाइप करायची आणि आम्ही पुढे जायचो. खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. माझ्यासाठी कुणी आपला आवाज खाली आणावा असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

जूनमध्ये तहसीलदार साहेबांनी हुकूम काढला की वह्या फार जीर्ण झाल्यात. ज्या गावांची यादी तयार आहे त्यांचे गठ्ठे बांधून ठेवा आणि नकला यादीवरूनच द्या. प्रिंटरवर कागद खरखरत बाहेर येई, त्यावर शिक्का बसे, लोक घेऊन जात. माझं काम उपयोगी पडतंय म्हणून मी मनातून खूश होते.

जूनच्या अखेरीस, एका बुधवारी, कोयनेच्या बाजूच्या खेड्यातली एक बाई आली. चाळिशीची असेल. पदराच्या टोकाला गाठ, हातात प्लास्टिकची पिशवी. तिने पिशवीतून एक कागद काढून अव्वल कारकुनांच्या टेबलावर ठेवला.

"आवं भाऊसाहेब, प्रांत हापिसानं ह्यो माघारी लावला. खोटा हाय म्हणत्यात."

भाऊसाहेबांनी कागद वाचला, उलटा केला, पुन्हा वाचला.

"बाई, ही तुमच्या सासऱ्यांची जन्माची नोंद. चाळीस सालच्या आधीची. आणि जात लिहिलीय बौद्ध. दीक्षा झाली छपन्नला. तुमच्या सासऱ्यांनी पाळण्यातच धर्म बदलला होता की काय?"

बाजूचे दोघे कारकून हसले. बाईसुद्धा थोडं हसली.

"हुशार व्हते ते. पर येवढे न्हवते."

"मग हा कागद कुणाकडून करून आणला?"

"कुणाकडनं काय? हितनंच दिलाय. तुमचाच शिक्का हाय न्हवं? आवं, पोरीचं नाव नर्सिंगच्या यादीत लागलंय, सांगलीला. शुक्रवारपातूर दाखला न्हाई दिला तर तिच्या जागी दुसरीला घेणार हायती."

"चौकशी करावी लागेल. अर्ज ठेवून जा."

"कवा व्हईल चौकशी?"

"होईल तेव्हा होईल."

बाई बाहेर जाऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसली. घरी गेली नाही. खिडकीतून मला तिची पाठ दिसत होती.

तो शब्द माझा होता. मी उठून सांगायला हवं होतं आणि मी उठले नाही. मला माझ्या प्रमाणपत्राची भीती वाटली. त्याहून मोठी भीती दुसरीच होती. कचेरीतले म्हणतील, त्यांच्यातल्या पोरीला रेकॉर्डला बसवलं आणि तिने बघा काय केलं. माझ्यानंतर आमच्यातल्या कुणाला इथे बसवतील का? दोन तास मी चुकीच्या ओळी टाइप केल्या आणि खोडल्या.

जेवणाच्या सुट्टीत मी काकांना सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"मी ती जात वाचलीच न्हाई गं," ते म्हणाले. "एकदा बी न्हाई. तुला वाईट वाटंल म्हनून."

"मला बरं वाटत होतं, काका."

त्यांनी डबा बंद केला. "ऊठ," म्हणाले.

मी भाऊसाहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. कसंबसं म्हणाले, "त्या बाईंच्या कागदावरचा शब्द मी घातलाय. वहीत तसा नसणार."

"कुणी सांगितलं होतं घालायला?"

"कुणी नाही."

"याला रेकॉर्डमध्ये फेरफार म्हणतात. कळतंय का तुला?"

"भाऊसाहेब," काका म्हणाले, "वाचायचं काम माझं व्हतं. रकाना मी गाळला. साहेबाला लिवून द्यायचं तर दोघांची नावं द्या. माझं वर."

भाऊसाहेबांनी खण उघडला. मग त्यांनी चावी टेबलावर टाकली. "वही काढा. आणि त्या बाईंना आत बोलवा."

टेबलावर फडकं सोडलं. काकांनी बोटाने ओळ शोधली आणि वाचायला लागले. तारीख, बापाचं नाव, मुलगा. "जात..." म्हणाले आणि सवयीने थांबले. माझ्याकडे बघायला लागले.

"वाचा की वं," बाई म्हणाली. "आमचं आजेसासरं गावचं कोतवाल व्हते. पाटलाच्या दारात हुबं ऱ्हाऊन त्यांनी सोता सांगितलंय ते. त्यांची जीभ अडली न्हाई, तुमची का अडती?"

"जात महार," काका मोठ्याने म्हणाले.

तोवर मला वाटायचं की तो रकाना म्हणजे दुसऱ्यांनी आमच्यावर मारलेला शिक्का आहे. ते खोटं नव्हतं. कोतवालाला उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत म्हणून तर तो दारात उभा. पण त्या ओळीत एक माणूस बोलत होता, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आपल्या घरी मुलगा झाला हे सांगायला तो गाव ओलांडून गेला होता. आपण कोण हेही त्यानेच सांगितलं. मी त्याची खबर बदलली आणि त्याला मान दिला असं समजत राहिले.

भाऊसाहेबांनी नक्कल स्वतःच्या हाताने लिहिली. प्रांतसाहेबांच्या नावे वेगळी चिठ्ठी दिली की आधीची चूक कार्यालयाची आहे, अर्जदाराची नाही. बाईने दोन्ही कागद पिशवीत घातले आणि दारात मला विचारलं, "तू कुनाच्यातली गं?"

"तुमच्यातलीच."

"तरीच." ती हसली नाही, रागावलीही नाही. "माझ्या भिंतीवर बी बुद्धच हाय, बाय. पर ह्यो कागद म्हाताऱ्याचा. त्यात तुझं-माझं चालायचं न्हाई." आणि चपला घालून भराभर स्टँडकडे गेली.

पुढचे अठरा दिवस आम्ही बांधलेले गठ्ठे पुन्हा सोडले. मधेच माझी मुदत संपली, तरी मी जात राहिले. काका आता न थांबता वाचायचे आणि मी आहे तोच शब्द टाइप करायची. सरावाने तो सोपा झाला असं लिहायला बरं वाटलं असतं, पण तसं झालं नाही. प्रत्येक वेळी बोट क्षणभर अडायचं. घरी वडिलांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आपल्या गावची वही निघाली की तुझ्या आज्यानं काय सांगितलंय ते मला वाचून दाखव." मला मोडी येत नाही हे त्यांना माहीत नव्हतं.

प्रमाणपत्र मिळालं. त्यावर 'काम समाधानकारक' हे छापील शब्द भाऊसाहेबांनी खोडले नव्हते.

ऑगस्टमध्ये ते कॉलेजात द्यायला सांगलीला गेल्यावर मी नर्सिंग शाळेच्या फलकापाशी गेले. यादी काचेच्या आत लावलेली होती. नकलेवरचं आडनाव मला पाठ होतं. खालून दुसऱ्या ओळीत ते सापडलं. पुढे मुलीचं नाव, त्याच्यापुढे प्रवर्ग, आणि शेवटच्या रकान्यात, 'दाखला सादर'. आत निळ्या साड्यांतल्या मुली जिन्यावरून उतरत होत्या. त्यांतली ती कोणती हे मी कुणाला विचारलं नाही. तिला माझी काही गरज नव्हती.