समोरच्या फलाटावरचा बास

वस्तीच्या बँडमध्ये कुणाच्या हाती डबा आला की त्याचं वाजवणं संपलं, असं समजायचं. तसं कुणी बोलून दाखवत नसे. ज्याचा दम गेला, ज्याचे ओठ थरथरायला लागले, त्याच्याकडून बाजा काढून घ्यायचा आणि देणगीचा पत्र्याचा डबा द्यायचा. बँड वाजत असला की त्याने गर्दीतून डबा खुळखुळवत फिरायचं. वर लोक म्हणणार, "मानाचं काम आहे हो."

ताईने हा मान आपल्या वडिलांना मिळालेला पाहिला होता. वडील बास वाजवायचे. बास म्हणजे बँडमधला सगळ्यात थोराड बाजा. मांडीवर घेतला की मागे माणूस बसलाय हे फक्त बुटांवरून कळतं. शेवटची काही वर्षं वडील डबा घेऊन फिरले. लोकांशी हसून बोलायचे, पोरांचे गाल ओढायचे, पण उजव्या हाताची तीन बोटं डब्याच्या पत्र्यावर सारखी खालीवर होत असायची, बासच्या कळा दाबाव्यात तशी. गर्दीत ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. ताईच्या आलं, कारण वडिलांच्या खुर्चीवर बसून तेव्हा बास तीच वाजवत होती.

ताईचं इस्त्रीचं दुकान. तिच्याहून वयाने मोठी माणसंही तिला ताईच म्हणत. बँडचा मास्तर मात्र तिला खरोखरच ताई म्हणायचा, कारण तो तिचा सख्खा धाकटा भाऊ. दिवसा पाण्याच्या कचेरीत कारकुनी आणि संध्याकाळी हातात बँडला ताल द्यायची छडी. सगळे त्याला मास्तर म्हणत, ताई चारचौघांत बाळ्या म्हणायची.

त्या वर्षी नाताळ तोंडावर आला आणि नेमके ताईच्या तोंडातले वरचे पुढचे दात गेले. हिरड्यांनी दगा दिला. दातांच्या डॉक्टरांनी कवळी बसवली आणि कडक काही चावू नका म्हणून बजावलं. बास फुंकण्याबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि ताईनेही मुद्दाम विचारलं नाही.

हंगामातला पहिला कार्यक्रम एका कापड दुकानासमोर होता. संथ गाणं, शेवटचा लांब सूर, आणि त्या सुरातच कवळी जागची सुटली ती थेट बाज्याच्या, ओठांना लावायच्या पितळी वाटीत. म्हैस चिखलात बसावी तसा आवाज निघाला. लोक पोट धरून हसले. पुढे उभं असलेलं एक पोर टाळ्या पिटत म्हणालं, "पुन्हा! पुन्हा!"

दुसऱ्या दिवशी मास्तर दुकानात आला. हातात कापडी पिशवी. ती त्याने टेबलावर ठेवली तेव्हा आत पत्रा वाजला. तो आवाज ताईला पाठ होता. तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"ताई, नाताळात कामं किती असतात तुला माहीत आहे. इस्पितळ आहे, बाजार आहे, शेवटी स्टेशन. एकही संध्याकाळ मोकळी नाही. परत तसं झालं तर?"

"नाही होणार. कवळी काढून वाजवीन."

"आणि फुंकशील कशाने?"

"तोंडाने. तू कशाने फुंकायचास?"

"ताई, चेष्टा नको. बाबांनीसुद्धा घेतलाच होता की डबा."

"बाबांना कधी विचारलंस, कसं वाटतंय म्हणून?"

"तू तरी कुठे विचारलंस?"

हे खरं होतं. खरं होतं म्हणूनच ताईने आवाज चढवला. "तो डबा उचल आधी. नाहीतर भंगारात घालीन!"

"मग बास परत दे. तो बँडचा आहे."

"बँडने येऊन न्यावा. तिसरा मजला आहे, जिना अरुंद आहे, आणि तुझी पाठ कशी आहे ते मला ठाऊक आहे."

मास्तर डबा घेऊन गेला. त्या आठवड्यात बँडचे सगळे निळे कोट कडक इस्त्री होऊन परत गेले. मास्तरचा कोट तेवढा जसा आला तसाच गेला. घडी मात्र सुबक घातली होती.

आता वाजवायचं कसं, हा प्रश्न होताच. ताईच्या डाव्या बाजूचे दात अजून भक्कम होते. तिने कवळी काढून वाटी ओठांच्या डाव्या कोपऱ्याला लावून पाहिली. अर्धी हवा बाहेर, उरलेल्या हवेची नुसती घरघर. नवरा बेकरीत रात्रपाळीला भट्टीवर असे. सकाळी येऊन झोपायचा, आणि ही शेजारच्या खोलीत सुरू.

"खालचे विचारत होते, गिरणी टाकलीत का."

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, गिरणी बरी हो. ती बंद तरी होते."

पण तोच नवरा एके दिवशी तिचा सराव चालू असताना घोरत पडला, तो दुपारी हलवून उठवावा लागला. ताई काय ते समजली. सूर लागला होता.

ती बास घेऊन तालमीच्या खोलीत गेली आणि सगळ्यांसमोर एक अख्खं गाणं वाजवलं. एक सूर फसला नाही. पण डावा गाल लिंबू कोंबल्यासारखा फुगलेला, ओठ वाकडे, एक डोळा मिटलेला.

मास्तरने मान खाली घातली. "वाजतंय. वाजतंय चांगलं. पण ताई, दिसतं कसं ते! पहिली रांग आहे. लोक फोटो काढतात."

"लोक ऐकायला येतात की मुलगी बघायला?"

मागे ट्रॉम्बोनवाले बाज्यांत तोंड लपवून हसले. तिथेच मास्तरचं बिनसलं. सगळ्यांदेखत हसं झाल्यावर त्याला माघार घेता येईना. "बासवर पोस्टमन बसेल. ठरलं," तो म्हणाला. पोस्टमन बिचारा काडीसारखा माणूस. छोटा बाजा वाजवायचा, त्यातही मध्येच धाप लागायची. त्याच्यासाठी कपाटातून पोचे आलेला जुना बास काढला, तेव्हा तो ताईकडे अशा नजरेने बघत राहिला की जणू तिनेच त्याला वाचवावं.

इस्पितळाच्या आवारात बँड वाजायला लागला आणि फाटकाबाहेरून दुसरा बास वाजायला लागला. मास्तरने कानाडोळा केला. पण बाजारात तो भडकला. तिथे ताई समोरच्या पदपथावर, एका बंद दुकानापुढे स्टूल टाकून बसली होती. नवरा बाजा तिथवर आणून ठेवून कामावर गेला होता.

"ताई, तू बँडमध्ये नाहीस!" मास्तर रस्त्यापलीकडून ओरडला.

"मी कुठे आहे बँडमध्ये? मी रस्त्याच्या या बाजूला आहे. रस्ता तुझ्या नावावर आहे का?"

"तुझा आवाज उशिरा येतोय इकडे!"

"तुझा हातच उशिरा पडतोय!"

तोंडाने असं म्हणाली, पण घरी जाताना तिला पटलं की बाळ्याचं बरोबर होतं. आवाजाला रस्ता ओलांडायला वेळ लागतो. दुसऱ्या संध्याकाळपासून ती भावाचा हात खाली यायच्या किंचित आधी फुंकू लागली. मग तक्रार आली नाही. पोस्टमन तर नुसती वाटी तोंडाला लावून गाल फुगवत बसे. हे त्याला आणि तिला, दोघांनाच माहीत होतं.

शेवटचा कार्यक्रम स्टेशनवर. बँड एका फलाटावर अर्धगोल करून बसला. ताई पूल ओलांडून समोरच्या फलाटावरच्या बाकावर बसली. मध्ये रूळ. गर्दी दोन्हीकडे. बँडने संथ गाणं धरलं, आणि ते अर्ध्यात असताना मधल्या रुळावर गाडी येऊन थांबली.

ताईपुढे आता नुसत्या खिडक्या होत्या. बाळ्याचा हात दिसेना. बँड ऐकू येईना, फक्त इंजिनाची घरघर. खिडकीतली एक मुलगी तिचं वाकडं तोंड बघून तसंच तोंड करू लागली. थांबली असती तर कुणाला कळणार होतं? गाडीमुळे थांबली, असंच सगळे म्हणाले असते. ताईने उघडा होता तो डोळाही मिटला, टाच जमिनीवर रोवली, आणि टाचेच्या ठोक्यावर एकटीच पुढे जात राहिली. पलीकडे आपल्या बासच्या जोडीला कुणी काय वाजवायचं ते तिला ठाऊक होतं. सगळं गाणं तिच्या कानात होतं.

गाडी हलली. शेवटचा डबा सरकला आणि पलीकडचा आवाज अंगावर आला. बँड भरकटला होता. बासशिवाय त्यांना आधार उरला नव्हता. कॉर्नेटवाले पुढे पळाले होते, ढोलवाला मागे रेंगाळला होता, आणि मास्तरची छडी दोघांच्या मध्ये कुणाला ओढावं ते न कळून हवेत लटकली होती. ताईने पाहिलं, पण ती हलली नाही. ती आपल्याच चालीने वाजवत राहिली. यायचं तर तुम्ही या.

मास्तरने तिच्याकडे पाहिलं. मग छडी तिच्या टाचेबरोबर खाली आणली. पुन्हा आणली. कॉर्नेट थबकले, ढोल सावरला, आणि शेवटचं कडवं रुळांच्या दोन्ही बाजूंनी एकत्र उठलं.

गाणं संपलं तशी टाळ्या पडल्या. मास्तर कोटाच्या बाहीने कपाळ पुसत ओरडला, "ताई! पूल चढून इकडे ये!"

"बाजा जड आहे. तू ये!"

दोन्ही फलाटांवरची माणसं बघायला लागली. मास्तरने छडी खिशात खोचली आणि पूल चढला. येताना बास त्याच्या खांद्यावर होता आणि ताई मोकळ्या हातांनी मागून.

"पायरी बघ."

"बघतोय."

"कोट किती चुरगळलाय तुझा."

"कुणामुळे?"

पोस्टमन केव्हाच उठला होता. त्याने खुर्ची आपल्या रुमालाने पुसून ठेवली होती. ताई बसली. डबा शेजारच्या स्टुलावर पडून होता. या हंगामात तो धरायला कुणी तयारच झालं नव्हतं. ताईने त्याचं झाकण काढलं, कोटाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली कवळी काढली आणि आत टाकली.

"घे. माझ्याकडून डब्याला एवढंच मिळेल."

मग तिने बास मांडीवर ओढला आणि वाटी डाव्या कोपऱ्याला लावली. समोर एकाने फोटो काढायला फोन वर केला. मास्तर छडी उचलून तिच्या टाचेकडे बघत थांबला. ताईने गाल आणखी फुगवला.