मत्र्याचा मासा, एरंडोलकडची पंगत

“खाय भो, आठे कोन देखस?”

म्हणजे खा रे भाऊ, इथे कोण बघतंय. असं म्हणायचा आणि डाव्या हाताने स्वतःच्याच मांडीवर चापट मारायचा. मेसमधला वरणाचा दुसरा डाव असो, सुपरवायझरच्या पाठीमागे ओढलेली विडी असो, नाहीतर आंघोळीला घेतलेली जास्तीची बादली असो, सगळ्याला हेच वाक्य. आम्ही हसायचो. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं हे मला फार उशिरा कळलं.

त्याचं नाव मी सांगणार नाही. पोरं चांगली आहेत त्याची, त्यांना त्रास नको. कॅम्पात सगळे त्याला आप्पा म्हणायचे. एरंडोलकडच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याच्या माळकरी घरातला. मी वरणगावजवळचा. शिक्षण चौथी. वेल्डिंग शिकलो भुसावळला एका दुकानात, डोळे जाळून घेऊन. पण माझा जोड कधी तुटला नाही. कोणी तुटला म्हणत असेल तर त्याने तो जोड आणून दाखवावा.

गोष्ट ऐंशीनंतरची आहे. मस्कतला एका कंपनीत आम्ही कामाला होतो. मी वेल्डर, तो सळया बांधायचा. पत्र्याची खोली, लोखंडी खाटा, वर तो आणि खाली मी. पहिल्याच दिवशी मी दारातून मोठ्याने ‘जय भीम’ म्हणून आत गेलो आणि खाट पकडली. लपून राहणं मला जमत नाही, आणि जमवायचंही नाही. खोलीतले दोघे-तिघे छताकडे बघू लागले. वरून मात्र एक डोकं खाली लोंबलं आणि म्हणालं, “जय भीम, भो. खान्देशना शे का?”

तेव्हापासून रोज सकाळी तोच आधी म्हणायचा. उठल्यावर पाय खाली सोडायचा, माझ्या नाकासमोर त्याच्या टाचा यायच्या आणि वरून आवाज यायचा, “जय भीम, भो.” माझी भुसावळकडची बोली ऐकून खिदळायचा. म्हणायचा, “तुमनी बोली म्हंजे केळीना घड, बठ्ठं एकमेकले चिकटेल.” म्हणजे सगळं एकमेकांना चिकटलेलं. मी म्हणायचो, “आणि तुमची म्हणजे वाळला कापूस, फुंकर मारली की उडाली.”

रागीट होता. सळयांची तार पिळताना तुटली की पक्कड जमिनीवर आपटायचा. मग लगेच तीच पक्कड उचलून, पुसून कपाळाला लावायचा. “लक्ष्मी शे ती.” असे लोक तुम्हीही पाहिले असतील. आपटतात आणि पाया पडतात. अशा माणसावर जीव जडतो. माझा जडला.

एका शुक्रवारी सुट्टीला आम्ही मत्र्याला गेलो. मत्रा म्हणजे तिथलं जुनं बंदर. थंडीचे दिवस, ऊन गोड लागत होतं. कोळ्यांच्या होड्या वाळूवर ओढलेल्या, मासळीबाजारात माणसाएवढे मासे आडवे पडलेले. आप्पा त्यांच्याकडे बैलबाजारात बैल बघावा तसा बघत होता. दात बघायचे तेवढे बाकी होते.

बाजारामागे एका म्हाताऱ्या अरबाची खानावळ होती. खाली सतरंजी, समोर समुद्र. तिथले लोक एका मोठ्या थाळ्याभोवती बसून जेवतात. म्हाताऱ्याने आम्हाला बोटांनी विचारलं, थाळे एक की दोन? मी बोलायच्या आत आप्पाने एक बोट वर केलं. “एक! एकच!” हे मी नीट सांगून ठेवतो. ते बोट त्याचं होतं.

म्हाताऱ्याने दोघांकडे आळीपाळीने बोट करून विचारलं, “सदीक?” म्हणजे दोस्त का? आप्पा म्हणाला, “सदीक, सदीक! सख्खा!” म्हाताऱ्याला ‘सख्खा’ काय कळणार, पण तो हसला.

थाळा आला. पिवळसर भाताचा ढीग, त्यावर उभा चिरून निखाऱ्यावर भाजलेला मासा. तिथे त्याला कनद म्हणतात, मुंबईवाले सुरमई म्हणतात. बाजूला लिंबं, कच्चा कांदा, मुळ्याचा पाला. आप्पाने गळ्यातली तुळशीची माळ काढली, शर्टाच्या खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं, आणि मग बटण लागलं की नाही ते परत चाचपून बघितलं.

आणि बसून राहिला. जन्मात मासा खाल्लेला नाही. घरी लहानपणी कोणीतरी सांगितलेलं, काटा घशात अडकला की माणूस जातो. पन्नास फूट उंचीवर सळईवरून चालणारा गडी, माशासमोर घामाघूम.

“काटा काढी दे ना भो. माले नही जमस.”

मी तापीकाठचा, बारीक काट्याच्या माशांवर वाढलेला. कनदला काटे ते किती! मी बोटांनी मासा सोडवला, एकेक तुकडा दाबून तपासला आणि त्याच्या बाजूच्या भातावर ठेवत गेलो. पहिला घास त्याने डोळे मिटून गिळला. डोळे उघडले, समुद्राकडे बघितलं, आणि म्हणाला, “आते मरनू तरी चाली.” मग मी काढायचो आणि तो खायचा. एकदा माझा हात त्याच्या भातापर्यंत पोचायच्या आधीच त्याने तुकडा माझ्या बोटांतून घेतला. शेवटी डोकं उरलं, त्यावरून आमचं भांडण झालं. डोकं मी खाल्लं.

चांगलं जेवण होतं. खोटं कशाला बोलू? त्याच्याआधी आणि त्याच्यानंतर मी पुष्कळ ठिकाणी जेवलो, लग्नांत जेवलो, साहेबांच्या पार्टीत जेवलो. तसं जेवण नाही.

हात धुताना तो गंभीर झाला. म्हणाला, “भो, मनी पोरना लगनले तुले येनं पडी. पहिली पंगतले मना जोडे बसशी.” माझ्या मुलीच्या लग्नात पहिल्या पंगतीला माझ्या शेजारी बसशील. मी म्हटलं, “बघ हं. मी खरंच येईन.” त्याने मांडीवर चापट मारली. “येनंच!”

आता एक गोष्ट बघा. मुलीचा बाप लग्नाच्या पहिल्या पंगतीला बसत नाही. तो उपाशीपोटी वाढत फिरतो, सगळे उठल्यावर जेवतो. मलाही मुली आहेत, मला हे माहीत होतं. पण त्या समुद्रासमोर ते मला सुचलं नाही. त्याला सुचलं होतं का? हे मी अजून स्वतःला विचारतो.

आम्ही दोघेही परत आलो. पुढे त्याच्या मुलीचं लग्न ठरलं आणि पत्रिका आली. हळदीकुंकू लावलेली, माझ्या नावाची. मी नवा सदरा शिवला. मुलीसाठी मस्कतहून आणलेली अत्तराची बाटली होती, ती घेतली. जळगावहून एस.टी.ने एरंडोल, तिथून टेम्पोने त्याचं गाव.

मांडवाच्या तोंडाशी तो उभा होता. फेटा बांधलेला, गळ्यात माळ. मी म्हटलं, “जय भीम, आप्पा!” त्याने नुसते हात जोडले. आणि माझ्याशी शाळामास्तरासारखं शुद्ध बोलायला लागला. “या या. प्रवास कसा झाला? तुम्ही असं करा, तिकडे कापसाच्या खोलीत निवांत बसा. इथे फार गर्दी आहे. मी तुमचं ताट तिकडेच पाठवतो.”

तुम्ही. वरच्या खाटेवरून माझ्या नाकासमोर टाचा हलवणारा माणूस मला तुम्ही म्हणत होता.

मी म्हटलं, “मला गर्दी चालते.” आणि सरळ जाऊन पहिल्या पंगतीत बसलो.

पत्रावळ आली, मीठ आलं, कणकेची बट्टी आली. समोरून त्याचा थोरला भाऊ आला. “पाव्हना कोठला शेतस?” मी गाव सांगितलं. आडनाव विचारलं. ते मी जरा मोठ्यानेच सांगितलं. आमच्या भागात आडनाव सांगितलं की बाकीचं सांगावं लागत नाही. थोरला वळला. आप्पा वरणाची बादली घेऊन मागेच उभा होता. थोरल्याने त्याला सगळ्यांदेखत मस्कतचं विचारलं, “तठे तुम्हनं जेवन संगे व्हतं का रे?”

मी आप्पाकडे बघत राहिलो. मला कुठलीच घाई नव्हती. एक शब्द बोलायचा होता त्याने. मासा सांगू नको, थाळा सांगू नको, नुसतं ‘हाव’ म्हण.

“नही नही,” तो म्हणाला. “बठ्ठं येगळं व्हतं.”

शेजारचा माणूस पत्रावळीवरून उठला. त्याच्या पलीकडचा उठला. मी उठलो नाही. त्यांना वाटलं असेल आता हा मान खाली घालून जाईल. मी बट्टी फोडली आणि वरणाची वाट बघत बसलो. वाढपी पुढे येईनात. शेवटी त्यालाच यावं लागलं. त्याने पळी वर धरली, इतकी वर की वरण बट्टीवर कमी आणि माझ्या नव्या सदऱ्यावर जास्त पडलं. माझ्या बोटांतून तुकडा घेणारा हात तो. मी म्हटलं, “अजून वाढा.” त्याने अजून वाढलं. वांग्याची भाजीही मी मागून घेतली. पोटभर जेवलो, पत्रावळ दुमडली, अत्तराची बाटली नवरीच्या हातात दिली, डोक्यावर हात ठेवला आणि निघालो. तिचा काय दोष?

त्यानंतर एकदाच भेटला, जळगावच्या स्टँडवर. केस पांढरे झालेले. धावत आला. “भो, राग सोड. माले गावमा ऱ्हानं पडस.”

मी म्हटलं, “रहा की. मला नाही राहायचं तुझ्या गावात. तू फक्त एकदा तुझ्या थोरल्याला सांग, आपण एका ताटात जेवलो. मी लगेच येतो. चालत येतो.”

“तो म्हतारा व्हई गया आते,” आप्पा म्हणाला. “कसाले त्याले तरास देवाना?”

बस लागली. मी चढलो. खिडकीतून बघितलं नाही.

वर्षं गेली. मग एके सकाळी त्याचा मुलगा माझ्या दारात. चांगला बाप्या माणूस, डोकं नुकतंच भादरलेलं. बघितल्याबरोबर कळलं. मी त्याला ओट्यावर बसवलं. तो म्हणाला, “काका, बाबा गेले. जाताना सांगून गेले, माझ्या तेराव्याला मस्कतवाल्या भाऊला बोलवा. पहिल्या पंगतीला बसवा.”

बघा माणूस. जिवंतपणी जमलं नाही, ते मेल्यावर करायला निघाला. आता त्याला कोणी काही विचारणार नव्हतं.

मी विचारलं, “आणि तुझा थोरला काका?”

“ते आधीच वारले.”

“माझ्या शेजारी कोण बसणार?”

त्याने जराही वेळ घेतला नाही. “मी बसतो, काका.”

खरं बोलत होता. मला माणूस कळतो. सुनेने भाकरी आणि पातळ पिठलं आणलं. तो काही न विचारता जेवला, परत मागून जेवला.

मी त्याला सांगितलं, “बाळा, तू बसशील. तुझ्याबद्दल मनात काही नाही. पण ज्याने बसायचं होतं तो गेला. मी येणार नाही.”

तो पाया पडला आणि गेला.

लोक म्हणतात, माणूस गेल्यावर राग धरू नये. लोकांना काय जातं म्हणायला? मी गेलो नाही. तेराव्याच्या दुपारी सुनेने ताट वाढून हाक मारली, “आबा, जेवायला चला.”

मी म्हटलं, “झाकून ठेव. आज भूक नाही.”