नळ्या झाडायची वेळ

यंदा, एकाहत्तरच्या माघात, एका सकाळी माझी पत्नी वारली. साखर कारखान्याचं गळीत चालू होतं.

कारखान्याच्या वीजघरातले एक बॉयलरवाले रोज वसाहतीतल्या आमच्या घराच्या कुंपणाशी सायकल थांबवत. बोलताना ते माणसाकडे नव्हे, चिमणीकडे बघत. "काळा निघतोय, म्हंजी उसाचा भुसा वला हाय," असं आधी धुराबद्दल सांगत आणि मग पत्नीला हाक मारत, "वैनी, धुणं आत घ्या. बाराला नळ्या झाडतोय." बॉयलरच्या नळ्या वाफेने झाडल्या की सगळी काजळी वसाहतीवर उतरे. तिला दमा होता. खिडक्या लावून घेत ती म्हणे, "भावजी, धूर तेवढा कारखान्यातच ठेवा." ते हसत. "मंग दिवा कशावर लावताल, वैनी?"

त्या दिवशी तिला अंगणात ठेवलं होतं; बारा वाजून गेले तरी काजळी पडली नाही. आतल्या खोलीतला विजेचा दिवा मात्र मंदावत गेला. नळ्या झाडल्या नाहीत की वाफ कमी पडते आणि वीज उतरते, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. आम्ही तिला नेईपर्यंत तसंच चाललं. साहेबांनी त्यांना सर्वांदेखत झापल्याचं नंतर कानावर आलं.

दहाव्याला ते आले तेव्हा त्या दिवशी नळ्या का झाडल्या नाहीत, ते मी विचारलं. ते चिमणीकडेच बघत राहिले.

"आंगनात पांढरं कापड हुतं, गुरुजी. त्येच्यावर कसं सोडू?"

गळीत आता संपलं आहे. हवा स्वच्छ आहे. खिडक्या दिवसभर उघड्या असतात आणि घरात मी एकटा असतो.